गर्दीपासून एकीकडे

मार्काच्या सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्याला प्रभूकडे आणतात. प्रभू त्याला गर्दीपासून एकीकडे नेतो, मगच त्याच्या कानांत बोटे घालतो. त्याचा तमाशा होऊ देत नाही.

आपण मात्र उपासनेत आजींनी भलतेच गीत उघडले की हसतो. पुढे त्या येईनाशा झाल्या की म्हणतो, विश्वास थंडावला! (आम्ही उपदेशकही पुस्तकाआड तोंड धरूनच वाचतो.) चष्म्याची लाज नाही, मग श्रवणयंत्राचीच का? कधी तर कानात नुसता मळ साचलेला असतो.

आजींना एकीकडे घेऊन, समोर बसून, सावकाश विचारू या. कानाच्या डॉक्टरांकडे सोबत जाऊ या. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत कान तपासतात. तिचे केंद्र सिकंदराबादेतही आहे.