दोघांचीच ख्रिस्तसभा

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ दर रविवारी सकाळच्या मिस्साला पत्नीला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत आणून सोडतात. बाई आत जातात. ते स्कूटर वळवून नाक्यावर पेपर वाचत बसतात आणि मिस्सा सुटायच्या वेळी पुन्हा फाटकाशी हजर होतात. चार वर्षे हा क्रम चालू आहे. गेल्या उपवासकाळात चर्चला न येणाऱ्या कुटुंबांना भेटी देण्याचे ठरले, तेव्हा त्यांचे घर माझ्या वाट्याला आले. त्यांनी चहा दिला, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि मी मुद्द्यावर येताच शांतपणे म्हणाले, "सर, देवाशी माझं काहीच भांडण नाही. रोज रात्री घरात जपमाळ होते, ती मीच सुरू करतो. पण त्या फाटकाच्या आत यावंसं आता वाटत नाही."

मी ठरावीक उत्तरे दिली. माणसे चुकणारच, माणसांकडे पाहू नका, ख्रिस्ताकडे पाहा, वगैरे. त्यांनी सर्व ऐकून घेतले, वाद घातला नाही. घरी परतताना माझे मलाच जाणवले की मी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिले नव्हते, त्यावर नुसती चादर घातली होती.

त्याच दिवसांत मी सतराव्या शतकातील अशाच एका माणसाविषयी वाचत होतो. तो आपल्या पंथाचा नव्हता, आपल्या पोपमहोदयांविषयी तर त्याचे मत फारच वाईट होते. तरीही त्याची गोष्ट मला सोडवेना. त्याचे नाव रॉजर विल्यम्स. अमेरिकेतील पहिली बाप्टिस्ट मंडळी याने स्थापन केली आणि तीन-चार महिन्यांत तोच तिच्यातून बाहेर पडला.

बाप्टिस्ट म्हटले की मराठी माणसाला विल्यम कॅरी आठवावेत. बंगालमधील श्रीरामपूरला राहून त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश छापला. हा पंथ बालकांना स्नानसंस्कार देत नाही. ज्याने स्वतः समजून विश्वास कबूल केला, त्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. वर बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपापली स्वतंत्र. आता यात एक अडचण पहिल्या दिवसापासून होती. लहानपणीचा स्नानसंस्कार खोटा ठरवला, तर पहिला खरा बाप्तिस्मा द्यायचा कोणी? १६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने ही अडचण स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देऊन सोडवली. पुढे थोड्याच काळात त्याला वाटू लागले की आपण हे चुकीचे केले, आणि तो मेनोनाइट पंथात प्रवेश मागू लागला. म्हणजे संस्थापकच अस्वस्थ!

रॉजर विल्यम्स त्याच्या पुढच्या पिढीतला. १६०३ च्या सुमारास लंडनमध्ये एका शिंपी-व्यापाऱ्याच्या घरी जन्मला, केंब्रिजला शिकला, अँग्लिकन धर्मगुरू झाला. १६३१ साली तो पत्नी मेरीसह जहाजाने बोस्टनला उतरला, तेव्हा तिथल्या प्युरिटन मंडळीने त्याला मानाची जागा देऊ केली. त्याने ती नाकारली. का? तर इंग्लंडच्या अशुद्ध ख्रिस्तसभेशी त्या मंडळीने उघडपणे नाते तोडले नव्हते. मग सेलम, मग प्लिमथ, पुन्हा सेलम. प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्याच्यावर प्रेम केले आणि प्रत्येक ठिकाणी त्याला काहीतरी अशुद्ध सापडले. अशी माणसे आपल्यातही असतात आणि ती किती डोकेदुखी होते हे मला ठाऊक आहे. पण नुसता भांडकुदळ म्हणून त्याला बाजूला सारता येत नाही. तो म्हणत होता, ही जमीन मूळ रहिवाशांची आहे, इंग्लंडच्या राजाला ती वाटण्याचा अधिकारच नाही. तो म्हणत होता, माणूस देवाला कसा भजतो यावरून सरकारने त्याला शिक्षा करू नये. यासाठी ऑक्टोबर १६३५ मध्ये न्यायसभेने त्याला हद्दपारीची शिक्षा दिली. त्याच महिन्यात त्याला मुलगी झाली. तिचे नाव त्याने ठेवले फ्रीबॉर्न, म्हणजे स्वतंत्र जन्मलेली.

पकडून इंग्लंडला पाठवणार असे कळताच जानेवारी १६३६ मध्ये तो ऐन बर्फात घराबाहेर पडला. चौदा आठवडे त्याने भटकण्यात काढले. त्याला आसरा दिला तो ज्यांना बोस्टनचे ख्रिस्ती रानटी म्हणत त्या वाम्पानोआग लोकांनी. नॅरागॅन्सेट जमातीच्या कॅनॉनिकस आणि मियांटोनोमी या प्रमुखांनी त्याला जागा दिली. तिथे त्याने वस्ती केली आणि तिला नाव दिले प्रॉव्हिडन्स, देवाची तरतूद.

या वस्तीतला १६३८ सालचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. चर्च नव्हतेच, प्रार्थना विल्यम्सच्या घरी होत. शेजारची जेन व्हेरिन तिथे जाई. नवऱ्याला ते आवडत नव्हते. त्याने तिला बंदी केली, मारहाणही केली. गावाने सभा भरवली. बायकोने नवऱ्याचे ऐकले पाहिजे, हे देवाचेच वचन आहे, असे म्हणणारेही सभेत होते. शेवटी गावाने जोशुआ व्हेरिनचा मताधिकार काढून घेतला. दुसऱ्याच्या विवेकबुद्धीवर त्याने जबरदस्ती केली, हा त्याचा गुन्हा. दुसऱ्याची विवेकबुद्धी म्हणजे इथे स्वतःच्या बायकोची, आणि साल १६३८!

याच वस्तीत १६३८-३९ च्या सुमारास इझिकीएल हॉलिमन नावाच्या साध्या माणसाने विल्यम्सला बाप्तिस्मा दिला, मग विल्यम्सने हॉलिमनला आणि आणखी दहाएक जणांना दिला. पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. तिची परंपरा प्रॉव्हिडन्समध्ये आजही चालू आहे. आणि मग या माणसाला त्याच जुन्या प्रश्नाने गाठले. हॉलिमनला अधिकार कोणी दिला? प्रेषितांपासून चालत आलेली साखळी जर मध्येच तुटली असेल, तर ती जोडणारा मी कोण? ख्रिस्ताने नवे प्रेषित पाठवीपर्यंत पृथ्वीतलावर खरी ख्रिस्तसभा नाही आणि साक्रामेंत देण्याचा अधिकार कोणालाही नाही, अशा निष्कर्षाला तो आला आणि मंडळीतून निघाला. पुन्हा कोणत्याही मंडळीचा सभासद झाला नाही. पुढे चाळीसहून अधिक वर्षे जगला.

बोस्टनचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांनी आपल्या रोजनिशीत, थोड्या खवचटपणेच, त्याच्याविषयी नोंद केली आहे. सहभागितेला योग्य माणसे शोधता शोधता हा इथवर आला की स्वतःच्या बायकोशिवाय कोणाबरोबरच सहभागिता ठेवीना. आणि आता मात्र येईल त्या प्रत्येकाला उपदेश करतो, प्रत्येकाबरोबर प्रार्थना करतो! विन्थ्रॉपना हा विक्षिप्तपणा वाटला. मला त्या नोंदीपाशी थांबावेसे वाटले. शुद्ध माणसे गाळत गाळत दोघांची ख्रिस्तसभा उरली. नवरा-बायको. त्यापुढे गाळायचे कोणाला? एक तर मेरीलाही बाहेर काढायचे, नाहीतर दार सताड उघडायचे. त्याने दार उघडले.

पुढे त्याने काय केले तेही पाहा. १६४४ साली त्याने छळाविरुद्ध पुस्तक लिहिले. ज्यू असो, तुर्क असो, मूर्तिपूजक असो की ख्रिस्तविरोधी असो (या शेवटच्या शब्दात तो आपल्यालाही धरत होता), कोणाच्याही उपासनेला सरकारने हात लावू नये. लंडनच्या पार्लमेंटने ते पुस्तक जाळण्याचा हुकूम काढला. १६६३ साली बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन क्लार्क यांनी राजाकडून त्या वसाहतीसाठी सनद मिळवली, तिच्यात हे स्वातंत्र्य लिहून आले. क्वेकर पंथाची मते विल्यम्सला अजिबात पटत नव्हती. बोस्टनने १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिले, त्यांत मेरी डायर ही स्त्रीही होती. विल्यम्सने काय केले? १६७२ साली, सत्तरीला टेकलेला असताना, तो दिवसभर स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि क्वेकरांशी अनेक दिवस जाहीर वाद घातला. नंतर त्यांच्याविरुद्ध जाडजूड पुस्तक लिहिले. एवढेच. दोर नाही, तुरुंग नाही, हद्दपारी नाही.

आपल्या ख्रिस्तसभेला हे शब्द उच्चारायला वेळ लागला, हे कबूल करायला हवे. १८६४ साली नवव्या पायस पोपमहोदयांनी चुकीच्या मतांची जी यादी काढली, तिच्यात धर्मस्वातंत्र्याची मागणीही होती. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा ७ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारला. माणसाच्या प्रतिष्ठेतच हा हक्क आहे असे तो सांगतो. घराबाहेर गेलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट घराला पटायला तीनशे वर्षे लागली.

तरी विल्यम्सचा मूळ निष्कर्ष मला पटत नाही. हात शुद्ध असल्याशिवाय साक्रामेंत खरे नाही, हा वाद त्याच्याआधी बाराशे वर्षे उत्तर आफ्रिकेत झाला होता. रोमन सम्राटाच्या छळात काही बिशपांनी पवित्र ग्रंथ शत्रूच्या हाती दिले. अशांच्या हातचे संस्कार आम्हाला नकोत, असे डोनाटस याचे अनुयायी म्हणाले आणि वेगळे झाले. संत ऑगस्टीन यांनी त्यांना उत्तर दिले की देणारा पापी असला तरी स्नानसंस्कार ख्रिस्ताचाच असतो. गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्रच वाढणार, हा दाखलाही ते पुन्हा पुन्हा पुढे करत. ही शिकवण नसती तर माझा स्नानसंस्कार खरा की खोटा, हे ठरवायला मला प्रत्येक धर्मगुरूचे चारित्र्य तपासत हिंडावे लागले असते. विल्यम्सला हा आधार नव्हता. म्हणून चाळीसहून अधिक वर्षे त्याच्यासाठी भाकर मोडणारे कोणी नव्हते. ही मला फार मोठी उणीव वाटते.

पण या शिकवणीचे आपण काय केले? ती आजाऱ्याला दिलासा म्हणून होती. आपण ती पांघरुणासारखी वापरली. विल्यम्सला हाकलणाऱ्या त्याच बोस्टन शहरात २००२ साली आपल्याच ख्रिस्तसभेतील बालकांच्या लैंगिक छळाची प्रकरणे वर्तमानपत्राने उघडकीस आणली. दोषी धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले गेले होते. डिसेंबरमध्ये तेथील कार्डिनलना राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या बाप्टिस्ट संघटनेची चौकशी मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही पीडितांच्या तक्रारी वर्षानुवर्षे टाळल्या गेल्या होत्या आणि आरोपितांची एक यादी गुपचूप ठेवली गेली होती. वर बिशप असो वा नसो, झाकायची सवय सारखीच. अशा वेळी बाहेर पडलेल्या बाप्टिस्टाला किंवा कॅथलिकाला 'तुझा विश्वास कच्चा' असे म्हणायचे आमच्यासारख्यांना धाडस होते तरी कसे?

गहू आणि निदणाच्या दाखल्यात निदण उपटू नका असे आहे. निदण शेतात नाहीच असे सांगत फिरा, असे त्यात नाही.

आता फाटकापाशी थांबणाऱ्या गृहस्थांकडे येतो. पहिल्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. या वेळी मी बोललो नाही, विचारले. त्यांनी सांगितले ते मला माहीत होते. चार वर्षांपूर्वी सणाच्या बैठकीत त्यांनी उभे राहून वर्गणीचा हिशेब मागितला होता. रक्कम फार मोठी नव्हती. कोणी खाल्ली असा त्यांचा आरोपही नव्हता. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "देवाच्या कामात हिशेब विचारतात का?" आणि सगळे हसले. ते खाली बसले. पुढच्या रविवारपासून ते आत आले नाहीत.

"तुम्हीही होता ना सर, त्या बैठकीत?" त्यांनी विचारले.

होतो. पहिल्याच रांगेत होतो. हसलो की नाही ते आठवत नाही, पण बोललो नाही हे नक्की आठवते.

फादरांना विचारून मी कार्यालयातून त्या वर्षीची वही काढून घेतली. दोन पावत्या सापडल्या नाहीत, बाकी हिशेब जुळतो. त्याची झेरॉक्स काढली आहे, न सापडलेल्या पावत्यांच्या रकमा वेगळ्या लिहिल्या आहेत आणि खाली सही केली आहे. येत्या रविवारी मिस्साच्या दहा मिनिटे आधी मी फाटकाशी उभा राहणार आहे.