दान आणि देणे

कंपन्यांचे वार्षिक अहवाल मी आवडीने वाचतो. ताळेबंदाच्या आधी बहुधा एक रंगीत पान असते: रोपे लावणारे कर्मचारी, शाळेला दिलेली पाण्याची टाकी, हसरी मुले. या पानाची मला टिंगल करायची नाही. टाकीतले पाणी खरे असते, ते पिणाऱ्या मुलांची तहानही खरी असते. मला प्रश्न पडतो तो पुढचा. कंपनीने समाजाला जे दिले, ते दान होते की देणे?

२०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. इतर कायद्यांनी घातलेली बंधने पाळण्याचा खर्च मात्र त्यात धरता येत नाही. आपल्या कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणे हे समाजकार्य ठरत नाही, ते कर्तव्यच आहे. इथपर्यंत कायदा शहाणा आहे. माझी अडचण ‘निव्वळ’ या शब्दाशी आहे. नफा काढताना कच्चा माल, मजुरी, व्याज वजा होते. नदी वजा होत नाही.

तमिळनाडूतील पालार नदीकाठचा चर्मोद्योग घ्या. कातडी टिकावी म्हणून तिला मीठ लावतात. कारखान्यात ती भिजवली की ते मीठ पाण्यात उतरते, आणि नेहमीच्या शुद्धीकरणाने ते सहजी निघत नाही. पुढे ते शेतात आणि विहिरीत मुरते. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची पाहणी न्यायालयापुढे होती. २८ ऑगस्ट १९९६च्या निकालात न्यायालयाने या उद्योगाचे परकीय चलन आणि रोजगार यांतले महत्त्व मान्य केले. पण त्यामुळे निसर्ग नासवण्याचा हक्क मिळत नाही, असेही सांगितले. जो प्रदूषण करील त्यानेच पीडितांची भरपाई आणि निसर्गाची दुरुस्ती यांचा खर्च सोसावा, हे तत्त्व त्या निकालाने आपल्या कायद्यात पक्के केले.

या विषयावर बोलताना ‘नफा आणि पर्यावरण यांचा समतोल’ असे म्हणायची पद्धत आहे. हा शब्द मला खटकतो. तराजूची दोन्ही पारडी एकाच माणसाची असतील, तर किती इकडे आणि किती तिकडे हे त्याने ठरवावे. इथे एका पारड्यात कारखानदाराचा नफा आहे आणि दुसऱ्यात शेजारच्या शेतकऱ्याची विहीर. दुसऱ्याची वस्तू घालून साधलेल्या तोलाला समतोल कसे म्हणायचे? विहीर मचूळ करून त्याच गावात वाचनालय बांधले, तर वाचनालय चांगलेच. पण विहिरीचा हिशेब त्याने मिटत नाही. दानाची रक्कम देणारा ठरवतो. देण्याची रक्कम झालेले नुकसान ठरवते.

यावर एक आक्षेप खरोखर जड आहे. नदीचा पुरता खर्च आकारला तर छोटे कारखाने आधी बंद पडतील, आणि पोट जाईल ते कातडी कमावणाऱ्या मजुराचे. हे खरे आहे. पण मग नदी गेली कित्येक वर्षे त्या मजुरीला आणि माझ्या पायातल्या स्वस्त चपलेला अनुदान देत होती, असाच त्याचा अर्थ होतो. ते अनुदान शेतकऱ्याला न विचारता घेतले गेले. मजुराचे पोट सांभाळायचे तर त्याचा भार उघडपणे वाटून घ्यावा लागेल: काही कारखानदाराच्या नफ्यातून, काही सरकारकडून, काही माझ्या खिशातून. चप्पल महाग होईल. तेवढे मी द्यायला हवे.

तुकोबांच्या अभंगात धन कसे जोडावे हे आधी येते आणि कसे वेचावे हे नंतर. आपण दुसऱ्या अर्ध्याचा कायदा केला, त्यावर पुरस्कारही ठेवले. पहिला अर्धा अजून ताळेबंदात यायचा आहे. तो येईपर्यंत अहवालातली रोपे मी पाहीन, त्यांचे कौतुकही करीन, पण सांडपाणी कुठे जाते हे आधी विचारीन.