एकट्याने उतरताना

पांडुरंगा, तुकोबांची पालखी दरवर्षी ज्या बारामतीतून तुझ्याकडे येते, तिथल्याच आभाळात ही कोवळी मुलं विमान चालवायला शिकतात. मी त्यांना शिकवतो. त्यांच्यासाठी तुझ्याकडे मागणं आहे.

वर जाताना मला त्यांची फारशी चिंता नसते. जीव अडकतो तो उतरताना. सेसना 152 हे दोन माणसांचं विमान. सगळं धरून वजन 757 किलोंच्या वर जाऊ द्यायचं नाही. पहिल्या सोलोला, म्हणजे पोर पहिल्यांदा एकटं उडतं तेव्हा, मी शेजारच्या सीटवरून उतरतो आणि जवळजवळ दहावा हिस्सा भार एकदम कमी होतो. विमान भराभर चढतं, उतरताना धावपट्टीवर नेहमीपेक्षा लांबवर तरंगत राहतं. मी हे आधी बजावून सांगतो. पण कानाने ऐकलेलं हाताला कळायला वेळ लागतो, देवा. तेवढा वेळ तू त्यांच्या शेजारी बस.

एप्रिलच्या दुपारी नांगरलेलं रान तापून हवा वर फेकतं आणि विमान हेलकावतं. ऊन-वारा थांबव, असं मी म्हणत नाही. आडव्या वाऱ्यात त्यांचे पाय रडरवर जागे राहोत. चाकं टेकली तरी विमान पुरतं थांबेपर्यंत त्यांचं लक्ष ढळू नये.

आता खरं मागणं. ताशी सुमारे 110 किलोमीटरने येणारं विमान जरा जोरात टेकलं की उसळतं. घाबरलेला हात नाक खाली दाबतो. मग मागच्या दणकट चाकांच्या आधी पुढचं नाजूक चाक आपटतं. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी त्याहून. अशातच ते चाक मोडतं आणि पंखा जमिनीत घुसतो. देवा, पहिल्या उसळीलाच तो हात आवर. थ्रॉटल पूर्ण पुढे जाऊ दे, नाक ताब्यात राहू दे, फ्लॅप एकदम न उचलता टप्प्याटप्प्याने वर घेण्याचं भान राहू दे, आणि लेकरू पुन्हा आभाळात जाऊ दे. असं न उतरता पुन्हा वर जाणं, गो-अराउंड, म्हणजे नापास होणं नव्हे, हे मी रोज सांगतो. तू ते त्यांच्या मनात मुरव. कर्ज काढून फी भरणारे आईबाप त्या क्षणी आठवून कुणी विमान कसंबसं टेकवायला जाऊ नये.

जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळलं, ते चालवणारी मुलगी वाचली. ऑक्टोबर 2023 मध्ये इथेच चार दिवसांत दोन विमानं पडली, त्यातलीही माणसं वाचली. तू राखलंस. म्हणून आम्ही सैल सुटावं, असं मात्र होऊ देऊ नकोस. व्यावसायिक परवान्याच्या 200 तासांची घाई कितीही असो, दमलेल्या पोराला ‘आज उडायचं नाही’ म्हणण्याचं बळ मला दे. विमान जोरात आपटलं तर ते लपवून न ठेवता सांगण्याचं धैर्य त्यांना दे, आणि ते ऐकताना माझा आवाज चढू देऊ नकोस. पुढच्या चाकाचा सांधा तपासणाऱ्या मेकॅनिकची नजर शाबूत ठेव.

आणि कुणी टेकता टेकता पुन्हा वर गेलं, तर खाली उभ्या पोरांपैकी एकानेही हसू नये, एवढं बघ.