इंद्रधनुष्याचे प्रायोजक

समलिंगी-पारलिंगी समाजाच्या २०२५ सालच्या सॅन फ्रान्सिस्को प्राइड मिरवणुकीच्या आयोजकांपुढे पैशांचा मोठा पेच उभा राहिला. कॉमकास्ट, डियाजिओ, अँहॉयझर-बुश अशा बड्या प्रायोजकांनी त्या वर्षी हात आखडता घेतला. सेंट लुईस म्हणजे अँहॉयझर-बुशचं घरचं शहर. तिथल्या प्राइडफेस्टशी कंपनीचं नातं तीस वर्षांहून जुनं होतं, तेही त्याच वर्षी तुटलं. जानेवारीत सत्तेवर येताच ट्रम्प यांनी विविधता आणि समावेशनाच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले होते. दर जूनमध्ये आपल्या लोगोवर इंद्रधनुष्य चढवणाऱ्या अनेक कंपन्यांनी या खेपेला गप्प राहणं पसंत केलं.

अशा वेळी एकच प्रश्न विचारला जातो: या कंपन्यांना खरंच आस्था होती, की सगळा धंदाच होता? प्रश्न रास्त आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. कंपनीच्या पोटात शिरून तिचा हेतू कुणी तपासू शकत नाही. तिने काय दिलं, कुणाच्या मागणीवरून दिलं आणि दिलेलं तिला परत घेता येतं का, एवढं मात्र तपासता येतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास या बाजूने वाचला की त्याचं चित्र बरंच वेगळं दिसतं.

समलिंगी हक्कांची चळवळ आधी निर्मळ होती आणि पैसा मागाहून शिरला, असं मुळात नाहीच. १९६० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये समलिंगी गिऱ्हाइकांचा राबता असलेल्या बारचा दारूचा परवाना धोक्यात येई. त्यामुळे हा धंदा माफियांच्या हाती गेला. स्टोनवॉल इन हा त्यांचाच बार. तिथे बारच्या मागे वाहतं पाणी नव्हतं. वापरलेले ग्लास टबातल्या पाण्यात बुचकळून पुन्हा भरले जात. दारूत पाणी घातलेलं असे, दर चढे असत आणि पोलिसांना हप्ता ठरलेला असे. गिऱ्हाइकांना दुसरीकडे जायची सोय नव्हती आणि मालकांना ते पक्कं ठाऊक होतं. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या धाडीविरुद्ध तिथे उठाव झाला. त्यानंतर कार्यकर्ते क्रेग रॉडवेल यांनी वाटलेल्या पत्रकात पोलिसांबरोबर माफियांनाही बारमधून हटवण्याची मागणी होती. आपल्या नाइलाजावर कोण पैसा कमावतो, हा प्रश्न या चळवळीत पहिल्या दिवसापासून होता.

वर्षभराने, २८ जून १९७० रोजी, ग्रिनिच व्हिलेजपासून सेंट्रल पार्कपर्यंत पहिला मोर्चा निघाला. त्यात ना प्रायोजक होते, ना कंपन्यांचे चित्ररथ.

कंपन्यांशी पहिला मोठा सामना झाला तो मैत्रीतून नव्हे, बहिष्कारातून. कोलोरॅडोतली कूर्स ही बिअर कंपनी कामगार संघटनांना पाण्यात पाहायची. तिच्याकडे नोकरी मागणाऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवलं जाई आणि त्याच्या लैंगिक आयुष्याबद्दलही विचारलं जाई, अशा तक्रारी होत्या. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतले टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या संघटनेचे नेते ॲलन बेअर्ड कूर्सवरच्या बहिष्कारासाठी मदत मागायला समलिंगी समाजाचे नेते हार्वी मिल्क यांच्याकडे गेले. बेअर्ड स्वतः समलिंगी नव्हते. मिल्क तयार झाले, पण त्यांनी बदल्यात एक गोष्ट मागितली: बिअरचे ट्रक चालवण्याच्या नोकऱ्या आमच्या माणसांनाही मिळाल्या पाहिजेत. समलिंगींची वस्ती असलेल्या कॅस्ट्रो भागातल्या बारमधून कूर्स हद्दपार झाली आणि ट्रकचालकांच्या नोकऱ्यांची दारं समलिंगी पुरुषांसाठी उघडू लागली. या प्रसंगात मला फार मोठा शहाणपणा दिसतो. मिल्क यांनी सहानुभूती मागितली नाही, व्यासपीठावर भाषण मागितलं नाही. त्यांनी पगाराची नोकरी मागितली.

कूर्सची पुढची गोष्ट तर हेतूंचा शोध घेणाऱ्याला पार चक्रावून टाकते. कंपनीने १९७८ मध्ये आपल्या नियमांत लैंगिक कलावरून भेदभाव करणार नाही असं लिहिलं आणि १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांनाही लाभ लागू केले. याच घराण्यातल्या जोसेफ कूर्स यांनी १९७३ मध्ये हेरिटेज फाउंडेशनच्या उभारणीसाठी अडीच लाख डॉलर दिले होते, आणि समलिंगींच्या हक्कांना विरोध करण्यात ही संस्था कायम पुढे राहिली. मग कूर्सचा खरा हेतू कुठला धरायचा? मला वाटतं, कामगाराच्या विमापत्रावर जोडीदाराचं नाव लागलं, त्या दिवसापुरतं तरी या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही म्हणून काही अडलं नाही.

जाहिरातींचा पैसा निराळ्या वाटेने आला. ॲब्सोल्युट व्होडका अमेरिकेत नवखी होती. १९८१ पासून तिने समलिंगी वाचकांच्या मासिकांत जाहिराती द्यायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात सुबारूला कळलं की आपल्या गाड्या लेस्बियन स्त्रिया आवडीने घेतात. तिच्या जाहिरातींतल्या एका गाडीच्या नंबरप्लेटवर दूरचित्रवाणीवरच्या योद्धा नायिकेचं, झीनाचं नाव होतं. ज्यांना खूण पटायची त्यांना पटे, इतरांना ती नुसती गाडी दिसे. एकटेपणात वाढलेल्या माणसाला अशी खूणही आधार वाटते आणि त्या आधाराला मी कमी लेखत नाही. पण ती खूण करायची की नाही, हे ठरवणं सर्वस्वी कंपनीच्या हातात होतं.

माझ्या मते खरं वळण १९९६ मध्ये आलं आणि ते कुठल्याही मिरवणुकीत आलं नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने एक कायदा केला: शहराचं कंत्राट हवं असेल, तर विवाहित कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना जे लाभ देता तेच नोंदणीकृत अविवाहित जोडीदारांनाही द्या. शहराच्या विमानतळावर जागा वापरणाऱ्या विमान कंपन्याही यात आल्या. युनायटेड एअरलाइन्सला हे मान्य नव्हतं. विमान कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. बहिष्कार झाले, निदर्शनं झाली. १९९९ मध्ये युनायटेडने लाभ जाहीर केले आणि पाठोपाठ अमेरिकन आणि यूएस एअरवेज या कंपन्यांनीही. या तिघींच्या मनात प्रेम होतं की नाही हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

कागदावर आलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. मोबिल या तेल कंपनीत समलिंगी जोडीदारांना लाभ मिळत असत. १९९९ मध्ये एक्सॉनने मोबिलला आपल्यात सामावून घेतलं आणि नव्या कर्मचाऱ्यांसाठी ते लाभ बंद केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केंद्र सरकारला समलिंगी विवाहांची दखल घ्यायला लावली, त्यानंतर कुठे एक्सॉनमोबिलने ते पुन्हा दिले. कंपनीचा नियम कंपनीच पुसू शकते. त्यामागे कायदा किंवा कामगारांचा करार उभा असावा लागतो.

कंपन्यांनी केलेलं सगळं फुकट गेलं, असं मात्र मी म्हणणार नाही. विवाहसमानतेच्या खटल्यात २०१५ मध्ये ३७९ कंपन्या आणि संघटनांनी मिळून न्यायालयापुढे आपलं म्हणणं मांडलं. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने पारलिंगी व्यक्तींच्या स्वच्छतागृह वापरावर बंधनं आणणारा कायदा केला, तेव्हा पेपॅलने शार्लटमधला ४०० नोकऱ्यांचा प्रकल्प रद्द केला. पुढच्या वर्षी त्या कायद्यातली स्वच्छतागृहाची तरतूद मागे घेतली गेली. पैशाचं वजन योग्य पारड्यात पडलं तर काय होतं, ते इथे दिसलं. आणि ते काढून घेतलं तर काय होतं, हे २०२३ मध्ये दिसलं. बड लाइट या बिअर ब्रँडने डिलन मुल्वेनी या पारलिंगी कलाकाराला तिचा चेहरा छापलेला कॅन पाठवला, त्यावरून काहूर उठलं आणि खप कोसळला. कंपनी तिच्या पाठीशी ठाम उभी राहिली नाही. धमक्या आणि शिवीगाळ त्या एकट्या मुलीने सोसली. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

आपल्याकडे हा हिशोब आणखी निकडीचा आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा फास सैल झाल्यावर भारतीय कंपन्या झपाट्याने पुढे आल्या. टाटा स्टीलने २०१९ मध्ये समलिंगी जोडीदारांसाठी वैद्यकीय लाभांसह धोरण जाहीर केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. मग मुंबई-पुण्यात एकत्र राहणाऱ्या एखाद्या जोडप्याकडे आपल्या नात्याचा पुरावा म्हणून दाखवायला काय उरतं? कित्येकदा फक्त कंपनीच्या विम्याचं कार्ड. दिल्लीचा क्विअर प्राइड २००८ पासून कंपन्यांचे पैसे न घेता, लोकांकडून वर्गणी जमवून निघतो. त्यामुळे तिथल्या घोषणा काय असाव्यात हे कुणा प्रायोजकाला विचारावं लागत नाही, आणि या हट्टाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मोर्चा वर्गणीवर निघू शकतो, दवाखान्याचं बिल वर्गणीवर भागत नाही. म्हणून कंपन्यांकडे पाठ फिरवा, असं मी सांगू शकत नाही.

नोकरी देऊनही सगळं संपत नाही, हे कोची मेट्रोने दाखवलं. २०१७ मध्ये तिथे पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं, आणि थोड्याच दिवसांत काही जणींना नोकरी सोडावी लागली, कारण शहरात त्यांना कुणी परवडणारी खोली भाड्याने देईना. जूनमध्ये लोगो रंगवणाऱ्या कंपनीला तिच्याच कर्मचाऱ्यांनी असे बारीक प्रश्न विचारायला हवेत. विम्यात जोडीदार बसतो का? घरभाड्याची हमी कंपनी देईल का? आणि हे लाभ फक्त कायम नोकरीवाल्यांना, की फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला आणि सफाईच्या बाईलाही? सॅन फ्रान्सिस्कोने कंत्राटदारांनाच बांधील केलं होतं. आपल्याकडे पारलिंगी माणसाला मिळालंच तर बहुधा कंत्राटी काम मिळतं, आणि त्या कंत्राटाच्या कागदावर या धोरणांतलं एकही वाक्य अजून सहसा सापडत नाही.