मृत्युदंड की जन्मठेप: दंडविचारातील एक जुना वाद

वधासाठी नेल्या जाणाऱ्या गुन्हेगारांना पाहून सत्यवान आपल्या पित्याला, राजा द्युमत्सेनाला, अडवतो, असा संवाद महाभारताच्या शांतिपर्वात आहे. पूर्वी नुसत्या धिक्काराने माणसे वठणीवर येत, पुढे कठोर शब्द लागले, मग दंड. आता वधानेही ती आवरत नाहीत, हे राजाचे म्हणणे. सत्यवानाचा आक्षेप दुहेरी आहे. एकाला मारताना राजा त्याच्या निरपराध आईबापांना आणि बायकोमुलांनाही मारतो. शिवाय दुर्जन कधी सुधारतो, त्याच्या पोटी सज्जन संतती निपजते. मात्र सत्यवान मवाळ नाही. बंधन आणि विरूपीकरण यांसारख्या शिक्षा त्याला मान्य आहेत. हरकत आहे ती माणूस मुळापासून खुडून टाकण्याला.

धर्मशास्त्राने या प्रश्नात आणखी एक धागा आणला. राजदंड भोगलेला अपराधी पापमुक्त होतो, असे मनुस्मृती मानते; म्हणजे शिक्षा समाजाच्या रक्षणासाठी असते तशी अपराध्याच्या शुद्धीसाठीही. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही मराठी मुलखात घरोघरी माहीत असलेली गोष्ट याच विचारातली आहे. त्याच मनुस्मृतीत ब्राह्मणाला वधाऐवजी मुंडनाची सवलत आहे. ते लक्षात घेता रामशास्त्र्यांचा निर्णय अधिकच करडा वाटतो. तो अमलात कधीच आला नाही, हेही खरेच.

युरोपात इमॅन्युएल कांटने 1797 मध्ये शुद्धीचा विचार बाजूला ठेवून केवळ न्याय्य परतफेडीचा आधार घेतला. एखाद्या बेटावरचा समाज विसर्जित होऊन पांगणार असला, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहदंड दिलाच पाहिजे, असे त्याचे मत. त्यातून कोणाचा फायदा होतो, हा प्रश्नच त्याला गैरलागू वाटतो. फायद्यातोट्याचा हिशेब मांडणारे मात्र परस्परविरुद्ध टोकांना पोहोचले. चेझारे बेक्कारियाने 1764 मध्ये आजन्म कष्टाची शिक्षा अधिक परिणामकारक ठरवली, कारण ती भोगणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला जास्त भयंकर वाटते. जॉन स्टुअर्ट मिलने 1868 मध्ये ब्रिटिश संसदेत फाशीची बाजू घेतली ती नेमका उलट तर्क लढवून: फाशी दिसते भीषण, पण आयुष्यभराची कोठडी प्रत्यक्षात तिच्याहून क्रूर असते. दोघांनीही दुसऱ्याच्या मनातली भीती गृहीत धरली आहे, आणि तिचे माप कोणाकडेच नाही. त्यामुळे जरबेच्या मुद्द्यावर हा वाद सुटण्याजोगा नाही.

स्वतंत्र भारताने दोन्ही शिक्षा ठेवल्या. फाशी मुळातच रद्द करणे बरे, असे मत डॉ. आंबेडकरांनी जून 1949 मध्ये संविधान सभेत मांडले होते, परंतु तसे झाले नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशीसाठी विशेष कारणे नोंदवणे बंधनकारक केले. 1980 च्या बच्चनसिंग निकालात ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती राखण्यात आली. पाचांपैकी एकट्या न्या. भगवती यांनी भिन्नमत दिले. कोणाला फाशी होणार हे कोणत्या न्यायाधीशांपुढे प्रकरण येते यावर ठरते, असा त्यांचा रोख होता.

महाराष्ट्रातल्या एका प्रकरणाने या रोखाला बळ दिले. उच्च न्यायालयाने सहा आरोपींपैकी तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. एव्हाना त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. ती परत मिळत नाहीत. पण भरपाई घ्यायला माणसे जिवंत होती. फाशीविरुद्धच्या सगळ्या युक्तिवादांत हा सर्वांत भक्कम आहे, आणि कांटच्या तत्त्वालाही तो लागू पडतो: निरपराधाला फासावर देणे ही परतफेड नव्हेच.

जन्मठेपेची बाजूही वाटते तितकी सरळ नाही. ती चौदा वर्षांची असते हा समज चुकीचा आहे. गांधीहत्या प्रकरणातील गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, असे स्पष्ट केले. त्याआधी सुटका व्हायची तर सरकारने सूट द्यावी लागते. गोडसे 1964 मध्ये सुटले ते असेच. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय ही सूट मिळू नये, अशी अट 1978 मध्ये आली. पुढे 2008 पासून न्यायालयाने मधला मार्ग काढला: फाशीऐवजी वीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत, सुटीविना कैद. चुकीचा निकाल फिरवण्याची वाट त्यात शाबूत राहते. सुधारलेल्या माणसाला मुदतीआधी बाहेर येण्याची आशा मात्र जवळजवळ संपते, आणि सत्यवानाचा अर्धा आक्षेप अनुत्तरित राहतो. 2015 मध्ये घटनापीठाने हा मार्ग बहुमताने मान्य केला. अशी शिक्षा देण्याचा अधिकार उच्च व सर्वोच्च न्यायालयांपुरताच ठेवण्यात आला असून, राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या दयेच्या अधिकाराला तीत बाधा येत नाही.