हिरवी तार

बसा जरा. घाई नाही.

समोर पत्रा आहे. चार फुटांहून थोडा लांब, पांढरा रंगवलेला. त्यावर ट्यूबलाइटच्या चार पट्ट्या शेजारी-शेजारी बसवायच्या आहेत.

प्लग भिंतीत नाही. तो जमिनीवर पडलेला आहे, तिन्ही पिना दिसतील असा. काम संपेपर्यंत तो तिथेच, नजरेसमोर असू दे.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

हा दिवा पेणमधल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात टांगायचा आहे, असं मनात आणा. बाहेर आषाढाचा पाऊस. आत शाडूचा ओला वास. फळीवर मूर्ती ओळीने बसल्या आहेत आणि आज डोळ्यांची आखणी आहे.

बारीक कुंचला हातात घ्या. मूर्तीच्या पापणीपाशी न्या.

डोक्यावर एकच बल्ब असेल, तर रेघ जिथे ओढायची तिथेच हाताची सावली पडते. काळी, कडक.

आता वर चार लांब ट्यूब बघा. हात एकीचा उजेड अडवतो, तिथे दुसरीचा पोचतो. सावली विरळ होते. तिच्या कडा विरतात. पापणी दिसते.

एवढ्यासाठीच हा खटाटोप. त्या उजेडात थोडं थांबा.

आता वस्तूंकडे या.

एलईडी आल्यापासून घरोघरच्या जुन्या पट्ट्या उतरल्या. चांगली पट्टी भंगाराच्या भावात मिळते. घेताना तिच्यावरून बोट फिरवा. होल्डर पिवळा पडून ठिसूळ झालाय? टोकाशी जळल्याचा डाग आहे? चोकमधून डांबर ओघळलंय? मग ती परत ठेवा. इथे काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं.

चोक उचला. तळहातावर ठेवा. जड आहे ना? आत लोखंडी पातळ पत्र्यांचा गठ्ठा आणि भोवती तांब्याच्या तारेचे वेढे. चालू असताना तो तापतो आणि बारीक गुणगुणतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, ही गुणगुण त्याच्या दुप्पट, १०० ची.

तापतो, म्हणून तो लाकडी फळीला चिकटवायचा नाही. म्हणून तर पत्रा घेतला. दोन चोकच्या मध्ये हवेला जागा ठेवा.

ट्यूब घ्या, दोन्ही हातांनी. किती हलकी आहे. आत थोडा वायू आणि काही मिलिग्रॅम पारा. या पाऱ्यापायीच मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ साली ठरवलं, की २०२७ अखेरपर्यंत अशा ट्यूबचं उत्पादन थांबवायचं. फुटली तर झाडू मारू नका. खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर थांबा, मग जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा आणि ओल्या फडक्याने जागा पुसून घ्या.

पुन्हा श्वास. डोळे मिटा.

आता स्टार्टरच्या आत बघा. इवलीशी काचेची कुपी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. वीज येते. कुपीत मंद चमक उमटते. तिच्या उबेने पट्टी वाकते आणि दुसरीला टेकते.

ट्यूबची दोन्ही टोकं लालसर होतात.

थांबा.

पट्टी निवते. अलग होते. त्याच क्षणी चोक एक जोराचा झटका देतो आणि ट्यूब या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटते. आता स्टार्टरचं काम संपलं. तो काढून घेतला, तरी ट्यूब जळत राहते.

चारही एकदम पेटत नाहीत. प्रत्येकीला स्वतःचा चोक, स्वतःचा स्टार्टर, स्वतःचा क्षण. एक, मग तिसरी, मग दुसरी. जरा वेळाने चौथी.

डोळे उघडा.

पत्र्यावर तीन तारा आहेत. लाल फेजची, काळी न्यूट्रलची. बटण लाल तारेवर घ्यायचं, काळीवर नव्हे. नाहीतर दिवा विझलेला दिसतो आणि आत वीज उभी असते.

तिसरी तार हिरवी. तिच्याकडे बघा.

सगळं नीट असतं, तेव्हा या तारेतून काहीही वाहत नाही. दिवे तिच्याशिवायही लागतात. स्वस्तात काम उरकणारा सगळ्यात आधी तिलाच गाळतो.

तुम्ही तिच्यापाशी थांबा.

तारा आत घ्यायला पत्र्याला पाडलेल्या भोकाची धार बोटाला लागते. तीच धार लाल तारेचं वेष्टण रोज थोडं-थोडं कापू शकते. म्हणून भोकात रबरी ग्रोमेट बसवा. तरीही एखाद्या पावसाळ्यात तांबं पत्र्याला टेकलं, तर सगळा पत्रा जिवंत होतो. दिसत काहीच नाही. उजेड तसाच.

आणि खाली कुणीतरी ओल्या फरशीवर उभं आहे. पाय अनवाणी, हाताला शाडू. ट्यूब पुसायला हात वर जातो.

इथे श्वास धरू नका. सोडा.

हिरवी तार असेल आणि तिचं अर्थिंग चांगलं असेल, तर तो करंट तिच्या वाटेने धावतो. एकदम इतका, की बोर्डातला एमसीबी पडतो आणि वीज तुटते. बोर्डात गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर थोडीशी गळतीही त्याला पुरते. काही कळायच्या आत अंधार होतो, आणि माणूस उभा राहतो.

आता ही तार जोडा. हळूच.

रंगावर स्क्रू आवळून भागत नाही. रंग वीज अडवतो. पॉलिशपेपरचा तुकडा घ्या आणि रुपयाएवढी जागा घासा. पांढरं जातं. करडं दिसतं. मग धातू चमकतो. त्या चमकीवर तारेची गोल लग ठेवा, दातेरी वायसर घाला, नट आवळा. चिमटीत धरून ओढून बघा. हलत नाही? पुन्हा ओढा.

प्रत्येक जोड असाच ओढून बघा. लाल. काळी. हिरवी.

दुसरं टोक प्लगच्या मोठ्या पिनेला जातं. ती पिन बघा. बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब. म्हणून ती सॉकेटमध्ये सगळ्यांच्या आधी शिरते आणि सगळ्यांच्या नंतर निघते. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याने अनोळखी माणसाच्या हाताचा विचार केला होता.

पत्रा साखळ्यांनी टांगा. वजन तारेवर नको.

एक शेवटचा श्वास.

तुम्ही जोडलेली हिरवी तार सॉकेटपर्यंतच पोचते. तिच्यापुढे भिंतीतली तार, आणि ती खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. दिवा लावण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा, अर्थिंग मोजून घ्या, आणि पुढेही दर वर्षी पावसाळ्याआधी मोजून घेत जा.