वहीतला शेवट

लिहून ठेवणे आम्हाला नवे नाही. माणसाच्या खांद्यांवर दोन फरिश्ते असतात आणि त्याचे बरेवाईट सारे लिहून घेतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या वहीचे नियमही आम्हाला शिकवले गेले. मनात आलेला वाईट इरादा माणसाने अल्लाहसाठी सोडून दिला, तर गुन्हा चढत नाही, उलट नेकी लिहिली जाते. खऱ्या दिलाने तौबा केली, तर लिहिलेले पुसले जाते. आणि नुसत्या संशयावरून त्या वहीत काहीच लिहिले जात नाही.

आता सरकारनेही एक मोठी वही उघडली आहे. 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने देशभरची पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची सीसीटीएनएस ही योजना मंजूर केली. तिच्यासाठी 2000 कोटी रुपये ठरवले गेले. एका ठाण्यातली फिर्याद, अटक, दोषारोपपत्र दुसऱ्या राज्यातल्या पोलिसालाही दिसावे, हा तिचा हेतू. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. आमच्याही वस्तीतले मूल हरवते, आमचीही मोटारसायकल चोरीला जाते. शिवाय 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाजूक प्रकरणे वगळून इतर एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. गरीब आरोपीच्या बापाला एका कागदासाठी ठाण्याच्या दारात तिष्ठावे लागू नये, ही लहान गोष्ट नव्हे.

आमचा प्रश्न नीतीचा आहे. ज्याने आरंभ लिहिला, त्याच्यावर शेवट लिहिण्याची जबाबदारी आहे की नाही?

2006 च्या मालेगाव बॉम्बस्फोटांत नऊ मुसलमानांना अटक झाली. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषमुक्त केले. नववा तोवर मरण पावला होता. अटकेची बातमी एका दिवसात देशभर गेली. सुटकेची किती घरांत पोहोचली? आणि जो निकाल ऐकायला उरलाच नाही, त्याच्या नावापुढे काय लिहायचे?

कायद्यालाही हा पेच ठाऊक आहे. 2022 च्या कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्रे, डोळ्यांच्या बुबुळांच्या नोंदी 75 वर्षे ठेवण्याची मुभा दिली. आधी शिक्षा न झालेला माणूस सुटला आणि अपिलाचे मार्ग संपले, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास त्या नष्ट कराव्यात, असेही सांगितले. पण हे झाले शरीराच्या मोजमापांचे. एफआयआरमध्ये चढलेल्या नावाचे काय?

1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये त्या विमुक्त झाल्या. तरी चोरी झाली की पोलिसांची पावले पारध्यांच्या पालाकडे वळतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कागद रद्द झाला, नजर रद्द झाली नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही बजावावे लागले की, केवळ मागास, वंचित समाजातला आहे म्हणून कुणा निरपराधाचे नाव हिस्ट्रीशीटमध्ये आपोआप चढवू नये.

मग सारे पुसून टाकावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. निरपराधाला डांबल्याची नोंदही पुसली, तर त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावाच नाहीसा होईल. म्हणून ठसे मिटवावेत, हकीकत ठेवावी. पण ती पुरी ठेवावी. ज्या पडद्यावर अटक दिसते, त्याच पडद्यावर, तेवढ्याच ठळक अक्षरात, निर्दोष सुटका दिसली पाहिजे. पासपोर्टची किंवा नोकरीची चौकशी करणाऱ्याने अर्धे पान वाचून निवाडा करू नये.

हे पोलिसांना सांगताना आमच्या मोहल्ल्यालाही सांगितले पाहिजे. सुटून आलेल्या मुलाला दुकानात कामावर कोण ठेवत नाही? त्याच्या बहिणीचा रिश्ता कोण मोडते? ‘काहीतरी असल्याशिवाय पोलीस का नेतील?’ हे वाक्य आमच्याच ओट्यांवर बोलले जाते. कुरआनने अति संशयाला आणि दुसऱ्याचे दोष हुडकण्याला मनाई केली, ती आधी आम्हाला. संगणकातली नोंद दुरुस्त करायला अर्ज लागेल, वकील लागेल. आमच्या मनातली नोंद दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागते?